दोन बोटे खाली

फराळाला बोलावून माणसाला चार गोष्टी सुनावण्याची आपल्याकडे एक जुनी आणि सुसंस्कृत रीत आहे. पाहुण्याच्या तोंडात चकलीचा तुकडा असतो, त्यामुळे त्याला उत्तर देता येत नाही. आणि तो गिळून होईपर्यंत यजमान विषय बदलून मोकळा झालेला असतो. गेल्या दिवाळीत खोपटला माझे नेमके हेच झाले. यजमान आमच्याच सोसायटीतले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक सद्‌गृहस्थ. त्यांनी गॅलरीतून खाली उभ्या असलेल्या आमच्या फियाटकडे बोट दाखवले आणि साऱ्या मंडळींच्या देखत ते म्हणाले, “मास्तर, डॉक्टरांची गाडी तुम्ही पोरासोरांच्या हाती दिलीत. ती खाली काय केलीत, त्या देवमाणसाच्या गाडीचा पार तमाशा केलात. शिवाय हे बेकायदा आहे, हे तुमच्यासारख्या शिक्षकाला मी सांगायला हवं का?”

मी चकली गिळली. विषय तोवर भाजणीत ओवा किती घालावा याकडे वळला होता. वर्षभर ते उत्तर माझ्या पोटात आहे, आणि आता ते पचण्याची आशा उरलेली नाही; म्हणून वाचकांची क्षमा मागून मी ते येथे देतो. ते केवळ माझ्या शेजाऱ्यांना आहे असे नव्हे. जुनी गाडी जमिनीच्या जवळ आणली की नाक मुरडणारे एका बाजूला आणि हातात कटर घेऊन स्प्रिंगा कापणारे दुसऱ्या बाजूला, अशा दोन्ही पक्षांशी मला भांडायचे आहे. दोघांत मिळून जुन्या गाड्यांचे आणि त्यांत बसणाऱ्या माणसांचे फार हाल चालले आहेत.

प्रथम गाडीची ओळख करून देतो. फियाट ११०० डिलाइट, सन १९६८. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. त्या काळी मोटार विकत घेणे म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे. माझे वडील डॉक्टर होते. नंबर लागून गाडी दारात आली तेव्हा मी शाळेत होतो, आणि खोपटच्या आमच्या वाडीतली निम्मी मुले सिद्धेश्वर तलावापासून तिच्यामागे धावत आली होती. या गाडीतून वडिलांनी रोगी नेले, बाळंतिणी नेल्या, दोनदा वरातही नेली. तिचीच पुढली भावंडे म्हणजे प्रीमियर पद्मिनी. ती कुर्ल्यात २००० सालापर्यंत निघत होती आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांच्या परिचयाची होती. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी अश्रू ढाळले. त्या दिवशी आमची फियाट मात्र शेवग्याच्या शेंगा आणायला बाजारात गेली होती.

वडील गेल्यावर गाडी दादाकडे आली. दादाचे गुडघे गेल्यावर त्याच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या पुतण्याकडे आली. पुतण्या इंजिनिअर आहे. पण संगणकाचा, मोटारीचा नव्हे. एके रविवारी तो मला म्हणाला, “काका, गाडी खाली करायचीय. बघा ना, कशी टाचा उंच करून उभी आहे! पुढची-मागची चाकं मडगार्डमधून बाहेर दिसतात. आणि वळणावर ती होडीसारखी कलते.”

त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली तितकी ती वळणावर कमी झुकते, हे मी स्वतः तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. अर्थात घोडबंदर रस्त्यावर ताशी चाळीसने जाणाऱ्या साठीच्या घरातल्या फियाटला याचा व्यावहारिक उपयोग किती, हा प्रश्न वेगळा. पोराला गाडी देखणी दिसायला हवी होती, आणि त्यात लाज वाटण्यासारखे मला काही दिसत नाही. आमच्या आज्या नऊवारीचा काठ किती खाली यावा यावर तासभर चर्चा करीत, तेव्हा त्यांना कोणी टवाळ म्हटले नाही.

मी नाही म्हटले ते निराळ्या कारणासाठी. त्याच्याच एका मित्राने आदल्या वर्षी आपली जुनी गाडी अशीच ‘खाली’ करून घेतली होती. शहराबाहेरच्या एका गॅरेजात दीड तासात काम झाले: पुढल्या दोन स्प्रिंगा काढल्या, ग्राइंडरने प्रत्येकीची दीड-दीड वळी उडवली, पुन्हा बसवल्या. मागची बाजू गॅसची फुंकणी मारून तापवली. लालबुंद झालेली स्प्रिंग आपल्याच भाराने बसली, काम फत्ते. महिनाभर गाडी फार रुबाबदार दिसली. मग पावसाळ्यात गायमुखच्या उतारावर पुढचे डावे चाक एका खोल खड्ड्यात लोंबले, कापलेली स्प्रिंग वाटीतून सरकली, आणि चाक वर येताना ती तिरपी अडकली. गाडी डावीकडे ओढली जाऊन कठड्याला घासत थांबली. मित्राची धाकटी बहीण पुढे बसली होती. तिच्या हाताचे हाड मोडले. ती मुलगी माझी विद्यार्थिनी. दहावीच्या वर्षात तिने दोन महिने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, त्या वह्या मी तपासल्या आहेत. म्हणून या विषयावर कोणी मला ‘शौक’ हा शब्द ऐकवला की मला त्या वह्या आठवतात.

आता कापण्यात चूक काय, ते सांगतो, कारण कापणारे मिस्त्री छातीठोकपणे सांगतात की, “साहेब, काही होत नाही.” स्प्रिंगचा कडकपणा तिच्या वळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ वळ्यांच्या स्प्रिंगमधले एक वळे गेले की उरलेली सात वळ्यांची स्प्रिंग आठ भागिले सात, म्हणजे सुमारे चौदा टक्के अधिक कडक होते. हा त्यातला सौम्य भाग. कडक गाडीत पाठ दुखते, माणूस मरत नाही. खरा धोका टोकाला असतो. कारखान्यात स्प्रिंगचे शेवटचे वळे वाटीत नीट बसेल अशा बेताने घडवलेले असते. कापलेले टोक तसे बसत नाही. शिवाय स्प्रिंग आखूड झाल्यामुळे चाक हवेत लोंबले की ती सैल पडते. सैल पडलेली वस्तू आपल्या जागी परत येईलच याची हमी कोणी द्यावी? गॅसने तापवणे तर त्याहून वाईट. पोलादाला जे पाणी चढवलेले असते तेच त्या ज्योतीने उतरते. दोन स्प्रिंगा सारख्या तापत नाहीत, म्हणून सारख्या बसतही नाहीत. आणि एकदा बसायला लागलेली स्प्रिंग कोठे थांबेल हे ती तापवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आणि बाकीचे अवयव तर विसरलेच जातात. शॉकअबसॉर्बर पूर्वीच्याच लांबीचे राहतात, म्हणजे त्यांची दांडी निम्मी आत गेलेल्या अवस्थेत आयुष्य काढते. चाक वर आले तर ते चासीवर थेट आपटू नये म्हणून रबराचा एक ठोकळा असतो. त्याच्या आणि लोखंडाच्या मधली मोकळी जागा उरत नाही, मग प्रत्येक खड्ड्याला घण बसतो. चाकांची ठेवण बदलते आणि टायर एका कडेने झिजू लागतात. ब्रेकचा रबरी पाइप पूर्वी जिथे मोकळा झुलत होता तिथे आता कशाला तरी घासतो. पुढची बाजू मागच्यापेक्षा वर राहिली तर दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. या सगळ्यांपैकी एकही गोष्ट त्या दीड तासात कोणी पाहिली नव्हती.

तेव्हा मी पुतण्याला म्हटले, “कापायचे नाही, तापवायचे नाही. एवढे मान्य असेल तर मी तुझ्याबरोबर आहे.” त्याने मान्य केले, पण नाराजीने. मग आम्ही दोघे कामाला लागलो, आणि एक मोठी गंमत उघडकीला आली.

घरातल्या जुन्या अल्बममध्ये १९६८ च्या दिवाळीतला एक फोटो आहे. वाडीच्या फाटकाशी नवीकोरी गाडी. तिच्या बोनेटवर हात ठेवून वडील, शेजारी नऊवारीत आई, आणि मडगार्डला टेकून हाफपँटीतला मी. पुतण्याने तो फोटो भिंगाखाली धरला आणि ओरडला, “काका, ही तर खाली आहे!” खरेच होते. फोटोतल्या गाडीचे मागचे चाक मडगार्डच्या कमानीत अर्धेअधिक लपलेले, आणि आज उभ्या असलेल्या गाडीत चाकाच्या वर मूठ घालता येईल एवढी पोकळी. मी पट्टी आणि गुणोत्तर घेऊन बसलो. फोटोत चाकाचा व्यास किती, पोकळी किती. गाडीवर चाकाचा व्यास किती, पोकळी किती. हिशेब आला: आमची गाडी मूळच्यापेक्षा मागून दोन बोटे आणि पुढून बोटभर वर होती!

म्हणजे ज्या उंचीला आमचे शेजारी ‘डॉक्टरांची गाडी’ म्हणून नमस्कार करीत होते, ती डॉक्टरांची नव्हतीच. गाडीखाली गेल्यावर उलगडा झाला. या फियाटला मागे कमानपाटे आहेत आणि पुढे स्प्रिंगा. मागच्या पाट्यांच्या थरात एक पाटा रुंदीने किंचित वेगळा, निराळ्या गंजाचा. कंपनीच्या जुन्या पुस्तकात पाट्यांची जी संख्या दिली होती तिच्यापेक्षा आमच्याकडे एक जास्त. पुढच्या स्प्रिंगांच्या वळ्यांमध्ये काळ्या रबराचे ठोकळे ठोकून बसवलेले. दादाला विचारले तेव्हा त्याला आठवले की वडिलांच्या उतारवयात रस्ते खणले होते, गाडीचे पोट वारंवार घासत होते, तेव्हा कोणा टॅक्सीवाल्याच्या सल्ल्याने हे करून घेतले होते. टॅक्सीवाल्यांचे बरोबरच होते. टपावर तीन ट्रंका आणि आत सहा माणसे घेऊन जाणाऱ्या गाडीला जादा पाटा लागतो. पण रस्त्यावर तशा गाड्या पाहून पाहून आपल्या साऱ्यांच्या डोळ्यांत टॅक्सीची उंची हीच फियाटची उंची म्हणून ठसली.

येथे मी नाक मुरडणाऱ्या पक्षाला एक प्रश्न विचारतो. गाडी वर केली तेव्हा तुम्ही कोठे होता? तेव्हा वारसा बाटला नाही? जादा पाटा घातला तेव्हा कायदा मोडला नाही? एखादी गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी बिघडवली तर ती परंपरा, आणि आज दुरुस्त केली तर तमाशा, हा न्याय आपण मोटारीपुरताच लावतो असे नाही. पण मोटारीच्या बाबतीत तो निदान पट्टीने मोजून खोटा पाडता येतो.

काम असे झाले. वागळे इस्टेटच्या बाजूला एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांनी आयुष्यात फियाटशिवाय दुसऱ्या गाडीला हात लावला नाही, आणि लावण्याची इच्छाही नाही. त्यांनी जादा पाटा काढला, मूळच्या पाट्यांची कमान तपासली, पाट्यांच्या कानातले बुश बदलले. पुढचे रबर काढल्यावर मात्र गाडीचे नाक एका बाजूला अधिक झुकले. कारण साठीच्या त्या स्प्रिंगा थकल्या होत्या आणि रबराच्या आधाराने केवळ उभ्या होत्या. तेव्हा कुर्ल्याच्या बाजारात तीन शनिवार हिंडून नव्या स्प्रिंगांची एक जोडी मिळवली. मिस्त्रींनी त्या बाकावर शेजारी शेजारी उभ्या करून दोन्हींची लांबी सारखी आहे ना हे आधी पाहिले. मग शॉकअबसॉर्बर नवे, रबराचे ठोकळे नवे, ब्रेकचे पाइप नवे. स्टिअरिंग पूर्ण एका अंगाला वळवून, गाडीत चार माणसे बसवून, चाक कोठे घासते का हे बघितले. शेवटी चाकांचे अलाइनमेंट, आणि अंधार पडल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्यांचा झोत खाली आणला. एकूण तीन आठवडे. खर्च मी सांगत नाही. वहिनी हा अंक वाचतात.

गाडी दोन बोटे खाली आली. ती फोटोतल्या गाडीसारखी दिसू लागली.

आता कायद्याकडे वळतो, कारण ‘बेकायदा’ हा शब्द चकलीबरोबर गिळण्यासारखा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ चा मथितार्थ असा की, नोंदणीच्या कागदावरचा तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले: परवानगी नसलेला सुटा भाग बसवून गाडी बदलणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मी हे सगळे मुद्दाम सांगतो आहे. ‘कोण बघतंय’ म्हणणाऱ्यांनी ते दोनदा वाचावे. स्प्रिंगा कापलेल्या गाडीला उद्या अपघात झाला तर विम्याचा माणूस पहिल्यांदा तिच्या खालीच वाकून बघेल.

पण आमच्या नोंदणीपुस्तकात काय आहे? इंजिनाचा नंबर आहे, चासीचा आहे, रंग आहे, आसने आहेत, वजन आहे. जमिनीपासूनच्या उंचीचा त्यात उल्लेखही नाही. आणि आम्ही गाडी निर्मात्याच्या तपशिलापासून दूर नेलेली नाही, उलट त्याच्याकडे परत आणली. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. आम्ही नेली. तपासणाऱ्या गृहस्थांनी दिवे, ब्रेक, चासीचा नंबर पाहिला, मागे वाकून पाट्यांवर हात फिरवला, आणि “फार दिवसांनी अशी सरळ उभी राहिलेली फियाट पाहिली” एवढेच म्हणून सही केली. शेजाऱ्यांना मी तो कागद दाखवला नाही. दाखवला असता तर त्यांनी “ओळख असेल” म्हटले असते.

त्याच वेळी कोणीतरी सुचवले की गाडी पन्नास वर्षांवरची आहे, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवून टाका. सूचना मानाची आहे. पण तशी नोंद झाली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. रोजच्या रस्त्यावर नव्हे. आमची गाडी तलावपाळीला भेळ खायला जाते. तिला काचेच्या कपाटात बसवण्याची आमची तयारी नाही. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठी ढवळाढवळ केलेल्या गाडीला ते दार बंदच आहे, हे कटरवाल्यांनी लक्षात ठेवावे.

येथवर मी माझी बाजू मांडली. यापुढे मला पुतण्याची बाजू मांडायची आहे, जरी त्याच्याशी माझे भांडण अजून मिटलेले नाही. काम झाल्यावर तो म्हणाला, “काका, हे खाली करणं नव्हे, हे जागेवर आणणं झालं. मला याहून आणखी दोन बोटं खाली हवीय. नीट करून. कापून नव्हे.” मी नाही म्हटले. मूळ उंचीपर्यंत मला कायद्याचा आधार होता. त्याच्याखाली तो सुटतो. पण मी नाही म्हटले म्हणजे तो चुकला, असे नव्हे. त्याने विचारलेल्या प्रश्नाला कायद्याकडे उत्तरच नाही, आणि ते नसणे ही कायद्याची लाजिरवाणी गोष्ट आहे.

पहा: कोणी आपल्या गाडीच्या डिकीत सीएनजीचे भलेजड सिलिंडर बसवले, तर मान्यताप्राप्त संच वापरून, तपासणी करून, कागदावर नोंद करून ते कायदेशीर होते. त्या सिलिंडरच्या वजनाने गाडीची मागची बाजू खाली बसते. म्हणजे गाडी खाली गेलीच! पण ती वजनाने गेली म्हणून कायदेशीर. तेच काम तपासलेल्या, मापाच्या आखूड स्प्रिंगने, ब्रेक आणि दिवे जुळवून केले, तर त्यासाठी अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. जर्मनीत अशा स्प्रिंगेला तपासणीचा दाखला असतो. ती बसवल्यावर गाडी तपासून घ्यायची आणि बदलाची नोंद कागदपत्रांत करायची, की मामला संपला. कॅलिफोर्नियात १९५८ पासून नियम होता की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळाखाली जाता कामा नये. नियम जाचक होता. मेक्सिकन वंशाच्या पोरांना छळण्यासाठी पोलिसांनी तो वापरला अशी तक्रारही होती. पुढच्याच वर्षी रॉन अगीरे नावाच्या तरुणाने गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले आणि पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली, अशी युक्ती काढली. शेवटी २०२३ साली तेथल्या विधिमंडळाने ते बंधनच उठवले. त्या नियमाला माझा पाठिंबा नाही. पण त्यात एक गुण होता, तो पट्टीने मोजता येत असे. आपल्याकडे पुण्याला मोटारींची तपासणी करणारी एआरएआयसारखी संस्था आहे. तिने स्प्रिंगा तपासाव्यात, सरकारने माप ठरवावे, नोंद करून द्यावी. हे न करता केवळ ‘बदल करू नका’ एवढेच म्हटले की शहाणी पोरे गप्प बसतात आणि बाकीची शहराबाहेरच्या गॅरेजात जातात. त्या मुलीचा हात मोडला तो कटरने, हे खरे. पण त्या कटरवाल्याकडे जाण्यावाचून दुसरे दार तिच्या भावाला कोणी उघडे ठेवले होते?

“पण आपले रस्ते!” असे आता वाचक म्हणतील. पावसाळ्यात वंदना टॉकीजजवळ पाणी साचते हे ठाण्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. तेथे दोन बोटे वर असलेली गाडीसुद्धा बुडते, म्हणून त्या दिवशी शहाण्या माणसाने रिक्षाही करू नये. उरला गतिरोधक. या एका शब्दाने आजवर पुष्कळ वाद जिंकले गेले आहेत, म्हणून मी त्याचे गणित मांडले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद असावा. त्याची वक्रता सतरा मीटर त्रिज्येची. फियाटच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.३४ मीटर. गाडी बरोबर मध्यावर आली की दोन्ही चाके शिखरापासून १.१७ मीटरवर असतात, आणि तेथे गतिरोधक शिखरापेक्षा १.१७ चा वर्ग भागिले चौतीस, म्हणजे अवघे चार सेंटिमीटर खाली असतो. चार! नियमात बांधलेला गतिरोधक गाडीच्या पोटाकडून चारच सेंटिमीटर मागतो. कोणत्याही शहाण्या उंचीची खाली केलेली गाडी तो हसत ओलांडेल. पण दहा सेंटिमीटर उंचीचा तोच गतिरोधक हातभर रुंदीत बांधला, की गाडीची दोन्ही चाके सपाट रस्त्यावर आणि मधे तो उंचवटा. मग तो पोटाकडून पुरते दहा सेंटिमीटर मागतो. आपल्या गल्लोगल्ली, सोसायट्यांच्या फाटकांशी, रातोरात सिमेंट ओतून जे उभे राहतात ते हेच. बेकायदा काय आहे, मग? आमची गाडी की तो उंचवटा? गाडीच्या पुढे लोखंडी दांडे लावू नयेत असे २०१७ साली केंद्र सरकारने बजावले, ते योग्यच केले. रस्त्याच्या मधोमध सिमेंटचे दांडे आडवे टाकणाऱ्यांना मात्र कोणी विचारीत नाही, कारण त्यांच्याकडे ‘लोकांच्या सुरक्षिततेचा’ ठराव असतो.

पुतण्याची दोन बोटे मी अजून दिलेली नाहीत. त्याने परिवहन खात्याला एक अर्ज लिहिला आहे, मापांसकट. त्यातले मराठी मी तपासून दिले. उत्तर आलेले नाही. तोवर गाडी १९६८ च्या उंचीवर उभी आहे. रोज सकाळी तो तिच्याकडे अशा नजरेने बघतो की जणू मी तिचे लग्नच अडवून ठेवले आहे.

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांच्या पत्नींना रात्री अचानक चक्कर आली. रिक्षा मिळेना. ते खाली येऊन दारात उभे राहिले, काही बोलले नाहीत. पुतण्याने किल्ली घेतली. वहिनींना मागे आडवे केले, मी त्यांचे डोके धरून बसलो, शेजारी पुढे. फाटकातून बाहेर पडताना खालून करकर असा मोठा आवाज झाला. गाडीचा सायलेन्सर घासला होता. शेजारी दचकून म्हणाले, “बघा, मी म्हणत नव्हतो, गाडी खाली—” आणि तेथेच थांबले. कारण फाटकातला तो गतिरोधक दोन वर्षांपूर्वी सोसायटीने बांधला, तेव्हा सेक्रेटरी तेच होते. इस्पितळात वहिनींना दोन दिवस ठेवून घेतले; आता त्या बऱ्या आहेत आणि यंदाच्या चकल्या त्यांनीच केल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी घेऊन फाटकात गेलो. उंची बारा सेंटिमीटर, रुंदी एकेचाळीस. हा आकडा, वरचे गणित आणि मानकाची मापे एका कागदावर लिहून मी तो सोसायटीच्या कार्यालयात दिला आहे आणि पोच घेतली आहे. सभा दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आहे. फराळाचे बोलावणे यंदाही आले आहे. मी जाणार आहे, आणि चकली मात्र शेवटी खाणार आहे.